नव्या कायद्याला अनुरूप

विक्रेता: अहो मॅडम, ड्रम आत तरी घेऊ द्या. टेम्पोवाला खोळंबलाय बाहेर.

ताई: खोळंबू दे. मी मागवलाच नाही, तर आत कशाला घेऊ?

विक्रेता: मागवायचा प्रश्नच नाही. कंपनीकडून भेट समजा.

ताई: भेट? इतकी वर्षं तुमच्याकडून रेनकोटाचं औषध घेते, साधं कॅलेंडर कधी फुकट दिलं नाहीत. आज एकदम अख्खा ड्रम?

विक्रेता: जुन्या ग्राहकांना जपायचं, असं वरून धोरणच आलंय.

ताई: मागचा ड्रम अजून अर्धा आहे माझा.

विक्रेता: तो आता नका वापरू. म्हणजे, वापरलात तरी हरकत नाही. पण नवीन आलंच आहे तर...

ताई: नका वापरू की हरकत नाही? काहीतरी एक बोला.

विक्रेता: तुम्ही ना, शब्दात पकडता माणसाला. हे बघा, जुन्यापेक्षा हे चांगलं आहे. तसंच फवारायचं, तसंच वाळवायचं. कापडावर पाणी टिकणार नाही, तेलाचा डाग धरणार नाही. शिवाय पर्यावरणपूरक. हे पान दिसतंय ना, हिरवं?

ताई: पान दिसतंय. पानाखाली बारीक काय लिहिलंय? चष्मा आत राहिला माझा.

विक्रेता: ‘नव्या कायद्याला अनुरूप’.

ताई: तो कायदा तर अजून व्हायचाय.

विक्रेता: होईलच की.

ताई: झाला तर तुमचं सगळंच दुकान बंद ना? मी तर ऐकलं, ह्या जातीच्या सगळ्याच औषधांवर बंदी येणार. मोडत नाहीत, कुजत नाहीत, पाण्यात गेली की पाण्यात नि रक्तात गेली की रक्तात, कायमची.

विक्रेता: ते पूर्वीचं झालं. आता तसं नाही राहिलेलं. आधी मसुद्यात अख्ख्या कुळावर बंदी होती, आता ज्यांची नावं घेतलीत तेवढ्यांवरच. जुन्या ड्रमातलं नावानिशी आलंय. ह्यातलं नाही आलं. आपण सुटलो.

ताई: आणि दोघांत फरक काय?

विक्रेता: साखळी लहान आहे याची. म्हणजे रेणूची. आखूड.

ताई: मला रेणूबिणू कळत नाही हो. हे त्याचं कोण लागतं, एवढं सांगा.

विक्रेता: लागतं म्हणजे... चुलत म्हणा ना.

ताई: मग आडनाव तेच.

विक्रेता: हाहा! छान बोलता तुम्ही. असंच बोला परवा. समितीपुढे साक्ष आहे ना तुमची?

ताई: तुम्हाला कोणी सांगितलं?

विक्रेता: अशा गोष्टी कळतात हो. आणि चांगलंच आहे की! खरं काम करणारी बाई बोलली की वजन पडतं. आम्ही सुटाबुटातली माणसं कितीही घसा कोरडा करू, कोण ऐकतं? तुम्ही फार काही बोलूच नका. एवढंच म्हणा, ‘बंदीला माझा विरोध नाही, पण लहान कारखान्यांना झेपेल असा कायदा करा.’ बस.

ताई: काय म्हणालात?

विक्रेता: लहान कारखान्यांना झेपेल असा कायदा करा.

ताई: अस्सं.

विक्रेता: काय झालं? चुकीचं आहे का त्यात काही?

ताई: नाही. वाक्य चांगलं आहे. ठेवा तो ड्रम, तिथे, दाराच्या आत. नको, फवारणीच्या खोलीत नको. तिथेच राहू दे. आणि निघा तुम्ही, मला एक फोन करायचाय.

*

भाऊ: ‘ताबडतोब ये’ एवढं बोलून फोन ठेवलास. मला वाटलं पुन्हा गळ्याचं काही निघालं.

ताई: गळा आहे तसा आहे. बस. त्या खुर्चीवर नको, टेपची रिळं आहेत. स्टूल घे.

भाऊ: बायका कुठे गेल्या सगळ्या? मशिनी बंद?

ताई: जेवायला सोडलं लवकर. मला तुझ्याशी एकट्याशी बोलायचंय. परवा साक्षीला मी काय बोलायचं, ते परत एकदा सांग बघू.

भाऊ: रविवारी सांगितलं की ताई. घाबरलीस का?

ताई: सांग तर.

भाऊ: आधी तुझं काम सांग. बंदरावरच्या कामगारांची जॅकेटं शिवता, त्यावर औषध फवारता, किती वर्षं करता. मग थायरॉइडचं ऑपरेशन. डॉक्टर काय म्हणाले ते जसंच्या तसं सांग, वाढवू नकोस.

ताई: डॉक्टर म्हणाले, औषधामुळेच झालं असं सांगता येत नाही, आणि नाही झालं असंही सांगता येत नाही.

भाऊ: तेच सांग. आणि शेवटी म्हण, बंदीला माझा विरोध नाही...

ताई: ...पण लहान कारखान्यांना झेपेल असा कायदा करा.

भाऊ: पाठ आहे की तुला!

ताई: हे वाक्य कोणाचं आहे रे?

भाऊ: कोणाचं म्हणजे?

ताई: तुझ्या डोक्यातलं आहे, की कोणी दिलंय?

भाऊ: आमदारबाईंनी सुचवलं. त्यांचं विधेयक आहे, त्या समितीच्या अध्यक्ष आहेत, मी त्यांचा सहायक. त्यांनी सुचवलं, मी तुला सांगितलं. यात काय बिघडलं?

ताई: आज सकाळी हेच वाक्य मी औषध कंपनीच्या माणसाच्या तोंडून ऐकलं. इथे, ह्या टेबलापाशी. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

भाऊ: योगायोग असेल. साधं वाक्य आहे, कोणीही बोलेल.

ताई: बरं. मग हे सांग, कायद्यात ‘अख्खं कुळ’ होतं ना? ते काढून नुसती नावं घातलीत का?

भाऊ: तुला कोणी सांगितलं हे?

ताई: म्हणजे घातलीत.

भाऊ: ताई, आधी सांग, कोणी सांगितलं? ही दुरुस्ती काल संध्याकाळी झाली. समितीतल्या सदस्यांनासुद्धा माहीत नाही. साक्षी संपल्यावर बाई मांडणार आहेत.

ताई: काल खोलीत कोण कोण होतं?

भाऊ: बाई, मसुदा लिहिणारे वकीलसाहेब, आणि मी.

ताई: आणि आज सकाळी औषधवाल्याला पाठ.

भाऊ: अशी का बघतेस माझ्याकडे?

ताई: कशी?

भाऊ: लहानपणी डब्यातला खाऊ कमी झाला की बघायचीस तशी.

ताई: तेव्हा तूच असायचास.

भाऊ: ताई! मी हे विधेयक दोन वर्षं घेऊन फिरतोय. तुझ्या गळ्याला टाके पडले तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसून बाईंना फोन केला होता, की हा विषय घ्या. मी विकलो जाईन? आणि तेही ह्या विषयात?

ताई: विकला गेलास असं नाही म्हणत मी. बोलून गेलास का, तेवढं विचारते. चहा पिताना, गाडीत, कोणाजवळ.

भाऊ: नाही.

ताई: मग वकील?

भाऊ: तेही नाही. ते बायकोला भाजी काय आणली तेसुद्धा सांगत नाहीत.

ताई: मग उरलं कोण?

भाऊ: नाही. बाई तशा नाहीत. तू ओळखत नाहीस त्यांना. दुरुस्ती त्यांनाही आवडलेली नाही. म्हणाल्या, मतं जमत नाहीत, थोडं सोडावं लागेल. तडजोड आहे ही, राजकारणात करावी लागते. त्यांचं तोंड इतकंसं झालं होतं बोलताना.

ताई: तोंड काय, करता येतं इतकंसं.

भाऊ: तू सगळ्यांवरच संशय घेतेस.

ताई: घेते. तो माणूस इतकी वर्षं मला सांगायचा, ‘मॅडम, पाण्यासारखं आहे, पिऊन दाखवतो.’ प्यायला कधीच नाही. आणि आज म्हणतो, तो ड्रम नका वापरू. मी उघड्या तोंडाने फवारलंय रे ते! लेकीला शिकवलंय. ती तान्ह्या बाळाला अंगावर पाजते, आणि सकाळी इथे येऊन त्या खोलीत उभी राहते. डॉक्टरीणबाईंना विचारलं, चालेल का? त्या म्हणाल्या, थांबलीस तर बरं. ‘बरं’ म्हणजे काय, ते कोणी सांगत नाही. मग मी संशय नाही घेणार तर काय करणार?

भाऊ: पाणी दे जरा.

ताई: माठातलं घे. गाळलेलं आहे. ते औषध गाळून जात नाही म्हणतोस तू, पण मनाचं समाधान.

भाऊ: हा ड्रम कुठला? दारातला?

ताई: तोच. कंपनीची भेट.

भाऊ: ‘नव्या कायद्याला अनुरूप’... असं कसं छापलं यांनी?

ताई: मीही तेच विचारलं. म्हणाला, कायदा होईलच की.

भाऊ: होईल ते झालं गं, पण कसा होईल हे कोणाला माहीत होतं? मूळ मसुद्यात हे औषधही बंदच होतं. सगळं कुळच बंद. कालची दुरुस्ती झाली नसती तर हा ड्रम बेकायदा ठरला असता... थांब, मागे शिक्का आहे. जरा दिवा लाव.

ताई: काय लिहिलंय?

भाऊ: भरल्याची तारीख. मागच्या महिन्याची.

ताई: म्हणजे?

भाऊ: म्हणजे आम्ही काल संध्याकाळी जी ओळ लिहिली, ती यांना मागच्या महिन्यातच माहीत होती. मला माहीत नव्हती. वकीलसाहेबांनाही नव्हती, ते काल भांडले तिच्यावरून. औषध बनवायचं, लेबल छापायचं, ड्रम भरायचे... कोणी नुसत्या आशेवर नाही करत एवढं. कोणीतरी शब्द दिला असणार.

ताई: बस बाबा स्टुलावर. पांढरा पडलायस.

भाऊ: आणि मला सांगितलं, तुमच्या बहिणीला आणा साक्षीला. मला वाटलं, माझा मान ठेवला.

ताई: माझं ऑपरेशन नि त्यांचं वाक्य. दोन्ही एकाच तोंडून हवं होतं त्यांना.

भाऊ: अजून खात्री नाही. दुसरं काही कारण असू शकतं.

ताई: असू शकतं. तू शोध.

भाऊ: परवा तू काय बोलणार आहेस?

ताई: ते तुला नाही सांगणार.

भाऊ: अजून विश्वास नाही?

ताई: ते एक. आणि दुसरं, कोणी उद्या तुला विचारलं, बहीण काय बोलणार हे माहीत होतं का, तर ‘नाही’ म्हणताना तुझी मान खाली जायला नको.

भाऊ: नोकरी जाईल माझी, ताई.

ताई: जाऊ शकते. आणि माझी बंदराची ऑर्डर जाऊ शकते. नको बोलू म्हणतोस? नको म्हणालास तर नाही बोलणार. तू धाकटा आहेस माझा. पण मग ते वाक्यही नाही बोलणार. घरी बसेन.

भाऊ: दिवा बंद कर. बायका येतील जेवून. आणि परवा लवकर निघ, दारावर तपासणीला रांग असते.

*

(साक्ष झाल्यावर, विधानभवनामागच्या कँटीनमध्ये.)

भाऊ: चहा घे आधी.

ताई: तू कुठे होतास? माझं नाव पुकारलं आणि बघते तर तुझी खुर्ची रिकामी.

भाऊ: बाईंनी पाठवलं. खालच्या मजल्यावरून जुना अहवाल आणा म्हणाल्या, नेमका तुझा नंबर आल्यावर. जिन्यात गेलो आणि लक्षात आलं, तो अहवाल टेबलावरच होता. परत येईपर्यंत दार लागलेलं. आत काय झालं ते मला बाहेर लोकांच्या तोंडून कळतंय. तू सांग.

ताई: काय सांगू! माइक इतका उंच, की मी टाचा वर करून बोलत होते. कोणाला खाली करायचं सुचेना. जॅकेटाचं सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं. गळ्यावरचा व्रण दाखवा म्हणाले एकजण. मी म्हटलं, नाही दाखवणार, साक्ष द्यायला आलेय.

भाऊ: शाब्बास.

ताई: मग बाई हसून म्हणाल्या, ‘ताई, कायद्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?’ इतक्या गोड बोलल्या, की क्षणभर मला वाटलं, आपणच वाईट मनाचे. ते वाक्य ओठांवर आलंच होतं. मग मी म्हटलं, मला काही म्हणायचं नाही, एक विचारायचंय. माझ्या दारात एक ड्रम आलाय, मागच्या महिन्यात भरलेला. त्यावर लिहिलंय, नव्या कायद्याला अनुरूप. ड्रम घेऊन येणारा म्हणतो, कायद्यात आता कुळ नाही, फक्त नावं आहेत. तर हे कायदा करणाऱ्यांनी त्याला सांगितलं, की त्याने कायदा करणाऱ्यांना?

भाऊ: असं? ह्याच शब्दांत?

ताई: शब्द जरा अडखळत आले. पण हेच.

भाऊ: मग?

ताई: कोपऱ्यात एक म्हातारे सदस्य पेंगत होते, जाड काचांच्या चष्म्याचे. ते एकदम जागे झाले. ‘कुठली नावं? आम्हाला कोणी दाखवली नाहीत नावं!’ मग दुसरा उठला, तिसरी उठली. एकमेकांना विचारतायत, तुम्हाला दाखवली का, तुम्हाला दाखवली का. मी तिथेच टाचा वर करून उभी.

भाऊ: आणि बाई?

ताई: तीच तर गंमत. मला वाटलं चिडतील. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, कागद उलटा ठेवला आणि म्हणाल्या, ‘साक्षीदाराने फार महत्त्वाचा मुद्दा मांडलाय. अशी कुठलीही दुरुस्ती मी मांडणार नाही. अख्ख्या कुळावरच बंदी राहील.’ आणि टाळ्या! लोकांनी टाळ्या वाजवल्या रे त्यांना.

भाऊ: बाहेर वार्ताहरांनाही तेच सांगितलं. ‘मी एका कष्टकरी भगिनीचं ऐकलं.’

ताई: म्हणजे चोर कोण, हे राहिलंच.

भाऊ: मी विचारलं त्यांना. आत्ता, त्यांच्या खोलीत. दार लावून घेतलं आणि विचारलं.

ताई: तू विचारलंस?

भाऊ: हो, विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मतं कमी पडत होती. ज्यांच्याकडे होती ते कंपनीचं ऐकतात. अर्धा कायदा की काहीच नाही, तुम्ही असता तर काय निवडलं असतं?’

ताई: तू काय म्हणालास?

भाऊ: म्हटलं, निदान मला आधी सांगायचं होतंत. त्या खरं बोलत असतील तर त्यांनी तडजोड केली, आणि खोटं बोलत असतील तर अजून काहीतरी. चेहऱ्यावरून कळत नाही. इतकी वर्षं त्यांच्यासमोर बसलो, आणि आज कळलं, की मला त्यांचा चेहराच वाचता येत नाही.

ताई: आता मतं जमतील का?

भाऊ: आज समितीत तरी जमली. सगळ्यांसमोर प्रकार उघडा पडल्यावर कोण हात खाली ठेवणार? सभागृहात काय होईल ते सांगता येत नाही. तिथे वार्ताहर दमलेले असतात आणि विधेयकात ओळी फार असतात.

ताई: मग त्या ओळी तू बघ. डोळ्यांत तेल घालून.

भाऊ: मी नसेन. माझी बदली झाली. पाणीपुरवठा समितीकडे, वरच्या पदावर.

ताई: बढती?

भाऊ: बढती. बाई म्हणाल्या, ‘तुमची बहीण हुशार आहे, तुमचंही भलं व्हायला हवं.’ म्हणताना हसल्या.

ताई: हाकललं म्हण की सरळ.

भाऊ: खुर्चीसकट हाकललं. वकीलसाहेबांना सांगून आलोय, की ओळ बदलली तर कळवा. ते नुसते चष्मा पुसत राहिले. कळवतील असं वाटतंय. नक्की नाही सांगता येत.

ताई: मलाही आता मेणाचा लेप शिकायला हवा. बंदरवाले म्हणतात, मेण टिकत नाही, वर्षाला परत लावावं लागेल, आम्हाला परवडणार नाही. दुसरीकडे बघतो म्हणाले. दोघी बायकांना थांबवावं लागेल बहुतेक. कोणत्या दोघी, तेच सुचत नाहीये.

भाऊ: पस्तावा होतोय?

ताई: रात्री विचार. आत्ता नाही. लेक आज फवारणीच्या खोलीत गेली नाही, कुलूप लावलं मी सकाळी, एवढं कळतंय. चहा गार झाला तुझा.

भाऊ: ताई, एक विचारू? परवा तुला खरंच वाटलं होतं, की मी फोडलं?

ताई: वाटलं होतं.

भाऊ: आणि आता?

ताई: आता तसं नाही वाटत. पण सवय लागलीय रे. आज त्या हसल्या, तू बढती म्हणालास, आणि माझ्या मनात एक क्षण आलंच, ह्याला बढती कशाची मिळाली? लगेच घालवलं मी ते. पण आलं होतं.

भाऊ: मग विश्वास कधी बसणार तुझा?

ताई: बसेल. तू घरी येत राहा.